चहाखालच्या चकत्या

गाडीचा आवाज ऐकून महिपती तिचा रोग सांगायचा, आणि ही गोष्ट तो स्वतःच दिवसातून दोनदा तरी सांगायचा. सांगलीच्या एस.टी. वर्कशॉपात सतरा वर्षं काढलेला माणूस, त्याला तेवढी मिजास शोभूनही दिसायची. सत्त्याहत्तर साली तो कतारला आला आणि मेसईदच्या एका पाइपलाइन कंत्राटदाराकडे मेकॅनिक म्हणून लागला. समोर पत्र्याची शेड, मागे कामगारांची बराक. बराकीतल्या चार नंबरच्या खोलीत चौघे राहायचे. महिपती, रत्नागिरीकडचा ड्रायव्हर कमाल, रोह्याचा स्टोअरकीपर मुनाफ आणि महिपतीच्याच मुलखातला, खानापूर तालुक्यातला वेल्डर बाजीराव.

त्यातला बाजीराव गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं. त्याची खाट कंपनीने कुणाला दिली नव्हती, आणि खोलीतल्या तिघांनीही कधी मागितली नव्हती.

तो गेला ते असं. वाळवंटात आत, पन्नासेक किलोमीटरवर पाइपलाइनचा कॅम्प होता. बाजीराव आणि कमाल तेव्हा कामासाठी तिथे मुक्कामाला होते. एकोणऐंशीच्या जानेवारीत पाऊस पडला. इथे पाऊस पडतो तोच मुळी हिवाळ्यात, दोन-तीनदा, पण पडला की कॅम्पच्या वाटेवरचा सबखा जागा होतो. सबखा म्हणजे खारट जमीन. एरवी फरशीसारखी टणक, आणि ओली झाली की वर पापुद्रा आणि खाली लोणी. पावसाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बाजीरावच्या पोटात कळा येऊ लागल्या. कमालने त्याला पिकअपमध्ये शेजारी बसवलं आणि आठ वाजता दोह्याच्या हॉस्पिटलकडे निघाला. सबख्यात गाडीचं मागचं डावं चाक रुतलं. ते नुसतं गरागरा फिरत राहिलं, आणि उजवं चाक कोरड्यावर असून ढिम्म हललं नाही. कमालने हातांनी चिखल उपसला, चाकाखाली अंगातला कोट घातला, सीट काढून घातली. दुपारी चार वाजता पाण्याचा टँकर आला तेव्हा कुठे गाडी निघाली. बाजीरावचं अपेंडिक्स फुटलं होतं. चार-पाच तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो गेला.

अशा वेळी माणसं दोष ठेवायला एक खुंटी शोधतात. ती खुंटी महिपतीने दिली. साहेबाने त्याला विचारलं, गाडीत काही बिघाड होता का? महिपतीने गाडी तपासली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की गाडी ठणठणीत आहे. मग शुक्रवारी जेवणं झाल्यावर सगळ्या बराकीसमोर त्याने निकालच दिला.

"ड्रायव्हर घाबरला. घाबरून एक्सलेटर दिला, चाक खोल गेलं. सबुरीनं दुसऱ्या गियरवर घेतली आसती, तर गाडी निघाली आसती."

कमाल समोरच बसला होता. मेकॅनिकने सांगितल्यावर ड्रायव्हर काय बोलणार?

बाजीरावच्या बायकोला, सत्यभामेला, पत्र लिहायचं कामही महिपतीकडेच आलं, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि गावं शेजारशेजारची. त्या पत्रातही त्याने लिहिलं, 'ड्रायव्हर कमाल याच्या हातून गाडी फसली व उशीर झाला.' पत्र पाकिटात घालण्याआधी कमालने ते मागून घेतलं, वाचलं आणि परत दिलं.

तेव्हापासून कमाल वाळला. मूळचा हा माणूस गाडी चालवताना गाणी म्हणणारा, खोलीत सगळ्यांच्या नकला करणारा. आता कामापुरतं बोलायचा. पाऊस आला की गाडी बाहेर काढायचं टाळायचा. येत्या जानेवारीअखेर त्याची दोन वर्षांनी मिळणारी रजा लागणार होती आणि त्याने ठरवून टाकलं होतं की घरी जाण्याआधी खानापूरला जायचं.

"आधी वहिनीच्या दारात जाईन," तो महिपतीला म्हणाला होता. "पाय धरीन, माफी मागीन. मग बायकोला तोंड दाखवीन. पोरीलापण मग."

"जा बाबा," महिपती म्हणाला होता. "मन हलकं हुईल."

आणि हे बोलताना त्याला स्वतःविषयी थोडं बरंसुद्धा वाटलं होतं, आपण किती समजूतदार आहोत म्हणून!

डिसेंबरात मुनाफ एक जड खोकं हातगाडीवर घालून शेडमध्ये घेऊन आला. बाजीरावच्या प्रकरणानंतर साहेबाने अमेरिकेहून पिकअपसाठी नवं डिफरन्शियल मागवलं होतं. गाडीच्या मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, त्यातला हा सगळा कारभार. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरायला लागलं की इंजिनाची सगळी ताकद त्या घसरणाऱ्याच चाकाकडे जाते. या नव्यात तसं होत नाही. एक घसरलं तरी दुसऱ्याला त्याचा वाटा मिळतो, आणि गाडी चिखलातून निघते.

"यल्ला, चल, उघड महिपतीदादा," मुनाफ म्हणाला. "साहेब बोलला, थंडीचा पाऊस यायच्या आत बसलं पाहिजे."

महिपती खुशीत होता. नवं काम आलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने पट्ट्या कापल्या, तेलकट कागद बाजूला केला. लोखंडी घर, स्प्रिंगा, आणि एका पुडक्यात पातळ पोलादी चकत्या. प्रत्येक चकतीला मधे भोक आणि बाहेरच्या कडेला चार कान.

महिपतीने एक चकती उचलली आणि ती त्याच्या हातातच राहिली. ही चकती त्याने त्या दिवशी सकाळीच पाहिली होती. तिच्यावर त्याचा चहाचा पेला होता.

चार नंबरच्या खोलीतल्या टेबलावर अशाच आठ चकत्या होत्या. गरम पेल्यांचे डाग लाकडावर पडू नयेत म्हणून त्या ठेवलेल्या. त्या तिथे कशा आल्या, हे महिपतीइतकं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने ही पिकअप दुसऱ्या कंत्राटदाराकडून जुनी विकत घेतली होती. पहिल्याच सर्व्हिसिंगला महिपतीने मागच्या गोळ्यातलं तेल बदललं. एस.टी.त सगळ्या गाड्यांना एकाच पिंपातलं तेल, तसंच इथेही. पंधरा दिवसांत कमाल तक्रार घेऊन आला की वळताना गाडी मागून कुरकुरते. वेळूच्या बेटातून वारा जावा तसा आवाज, कण्हल्यासारखा. कमाल रोज येऊन छळायचा, "दादा, आवाज बंद कर रे. गाडी चालवतो की म्हातारी उचलून नेतो, कळत नाय." महिपतीने गोळा उघडला. आत स्प्रिंगा आणि चकत्या. सतरा वर्षांत त्याने शेकड्याने डिफरन्शियल उघडली होती, पण त्यांच्या पोटात चकत्या कधी पाहिल्या नव्हत्या. आधीच्या मालकाच्या कुणा अडाणी मिस्त्रीने झीज भरून काढायला हे कोंबलंय, असं त्याने ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, त्याला दुसरा विचारच शिवला नाही. त्याला न कळणारं काही गाडीत असू शकतं, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. भंगारात याच बनावटीची एक ठोकरलेली पिकअप पडली होती. तिच्यातलं साधं डिफरन्शियल काढून त्याने यात बसवलं. शेंदूर तेलात कालवून गियरच्या दातांना लावला आणि दात नीट बसतात का ते पाहिलं. शेंदराची डबी तो गावाहून घेऊन आला होता. एस.टी.तला त्याचा उस्ताद शिकवायचा, म्हसोबाला लागतो तोच शेंदूर गियरलाही लागतो, दोघांनाही भक्तिभावाने लावावा. ठसा सुरेख उमटला. आवाज गेला. कमालने त्याला कडकडून मिठी मारली होती.

आणि काढलेल्या चकत्या भंगाराच्या पिंपातून बाजीरावने वेचून आणल्या होत्या. "एवढं झ्याक पोलाद, फेकताय कशाला?" म्हणत त्याने त्या रॉकेलने धुतल्या, घासून चकचकीत केल्या आणि टेबलावर मांडल्या. स्वतःची एक त्याने वेगळी ठेवली होती. वेल्डिंगच्या काडीने तिच्यावर त्याने 'बा' काढला होता.

"दादा, ही बाटली बघ," मुनाफ म्हणत होता. खोक्यात एक छोटी बाटली आणि इंग्रजी कागद होता. मुनाफ मॅट्रिक झालेला, तो वाचून सांगायला लागला. "ही तेलात घालायची. नाय घातली, साधं तेल टाकलं, तर वळताना चकत्यांचा आवाज येणार. बिघाड नाय तो. फक्त तेल बदला, असं लिवलंय."

महिपती खाली बसला. पाना शोधतोय असं दाखवून तो गाडीखाली सरकला आणि कितीतरी वेळ तसाच पडून राहिला. ज्या वस्तूने बाजीराव वाचला असता ती गाडीत होतीच. त्याने काढली होती. आणि काढायचं कारणही त्यानेच घातलेलं तेल होतं. वर कमालला घाबरट ठरवणाराही तोच.

त्या दिवशी संध्याकाळी कमाल चहा घेऊन आला तर टेबलावर चकत्या नव्हत्या.

"कुठे गेल्या रे?"

"गंजल्या व्हत्या. टाकल्या," महिपती म्हणाला. त्या त्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली होत्या.

कमालने जुनं वर्तमानपत्र घडी करून पेल्याखाली घेतलं. "बाजीरावदादाची तरी ठेवायची होतीस," एवढंच तो म्हणाला.

डिफरन्शियल बसवायला महिपतीला तीन दिवस लागले. इतकं नीट काम त्याने आयुष्यात केलं नसेल. चकत्या एकेक करून तेलात भिजवल्या. पत्र्याच्या पातळ कात्रणांनी अंतर जुळवलं, नाही जुळलं तर सगळं काढून पुन्हा बसवलं. शेंदूर लावला. बाटलीतलं तेल शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. हात कामात होते तोवर बरं होतं. रोज सकाळी उठताना तो ठरवायचा, आज सांगायचं. रोज कमाल समोर यायचा आणि महिपती त्याच्याशी तेलापाण्याचंच बोलायचा. नोकरी जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण तिच्यापेक्षा मोठी भीती वेगळी होती. गाड्यांचे रोग आवाजावरून सांगणारा महिपती, हा माणूसच उरणार नव्हता. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने मग काय म्हणून जगायचं?

आणि इकडे कमालची रजा जवळ येत होती. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला तो दीड हजार मैलांवर जाणार होता, आणि महिपतीने तोंड उघडलं नाही तर खरोखरच पाय धरणार होता. सत्यभामेसाठी त्याने दोह्याच्या बाजारातून एक शालही आणून ठेवली होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला. रात्रभर पडला आणि सकाळी थांबला. साहेब शेडमध्ये येऊन म्हणाला की आजच गाडी सबख्यावर घालून बघा, कॅम्पचा रसद-पाण्याचा माल पण न्या. मेकॅनिकने बरोबर जावं.

कमाल गाडीत बसला. महिपती त्याच्या शेजारी, जिथे बाजीराव बसला होता तिथे. पिकअपमध्ये दुसरी जागाच नसते. डांबरी सोडून गाडी आत वळली तेव्हा वाऱ्याने काचा थंडगार झाल्या होत्या. सबखा दिसू लागला. करडा, ओला, सगळीकडे सपाट. कमालने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"सावकाश," महिपती म्हणाला.

"दुसऱ्या गियरवर ना?" कमाल म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता, आणि तेच महिपतीला सोसवलं नाही.

जागा कमालने बरोबर ओळखली. तिथे अजून त्याने चाकाखाली घातलेल्या सीटची एक स्प्रिंग गंजून वर आली होती. त्याने गाडी मुद्दाम तिच्याच बाजूने घेतली. डावं चाक पापुद्रा फोडून खाली गेलं. गाडी कलली. चाक एकदा फिरलं, दोनदा फिरलं, मागून एक जड गुरगुर आली, आणि उजव्या चाकाने जमीन पकडली. गाडी हळूहळू, खांदा देऊन उठावं तशी उठली आणि चिखलातून बाहेर आली. पुढे कोरड्यावर जाऊन कमालने ती थांबवली आणि इंजिन बंद केलं.

त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो रडत होता, आवाज न करता. मग तसंच डोकं टेकून म्हणाला, "अर्धं मिनिट नाय लागलं दादा. हे तेव्हा गाडीत असतं तर..."

"व्हतं," महिपती म्हणाला.

कमालने मान वर केली.

"तेच गाडीत व्हतं, कमाल. म्याच काडलं. तवापासनं तुझ्या चहाच्या पेल्याखाली व्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. तेल, कुरकुर, उघडलेला गोळा, भंगारातलं साधं डिफरन्शियल. खोकं उघडल्यापासून आजवर गप्प राहिलो, चकत्या ट्रंकेत लपवल्या, हेही सांगितलं. सांगताना तो समोरच्या काचेकडे बघत होता. सांगून झालं तसा कमाल दार उघडून खाली उतरला आणि सबख्यात चालत गेला. त्या गंजक्या स्प्रिंगेपाशी जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचे बूट चिखलाने जड झाले होते. त्याने ते दारावर आपटून साफ केले, नेहमीसारखे.

"आवाज बंद कर म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो," तो म्हणाला.

"तू आवाज सांगितलास. ड्रायव्हरनं सांगायचंच आसतं. आवाज कशाचा, ते बगायचं काम माजं व्हतं."

"हां." कमालने चावीला हात लावला, पण गाडी सुरू केली नाही. "तू चुकलास, ते मी समजतो दादा. माणूस चुकतो. पण त्या शुक्रवारी तू माझ्याकडे बघत बोललास. घाबरला बोललास. मी वर्षभर नमाजाला उभा राहायचो, आणि मधेच हिशोब करायचो की एक्सलेटर किती दाबला होता. किती दाबला होता, किती दाबला होता. मला आता आठवतपण नाय मी खरंच घाबरलो होतो की तू बोललास म्हणून घाबरलो."



"मी आजच पत्र ल्हितो वैनींना," महिपती म्हणाला.

"पत्र नको. पत्र तू एकदा लिहिलंस." कमालने गाडी सुरू केली. "तुझी रजा एप्रिलात आहे ना? तोंडाने सांग जाऊन. मी आता त्या दारात जात नाय. माझं तिथे काही काम नाय उरलं."

रसद पोचवून ते परतले.

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर महिपती उठून उभा राहिला आणि वर्षापूर्वी जिथे निकाल दिला होता तिथेच सगळ्या बराकीसमोर आपली चूक सांगितली. त्याने ट्रंकेतल्या चकत्या आणून टेबलावर ठेवल्या. कुणी त्यांना हात लावला नाही. साहेबाकडेही तो स्वतःच गेला. साहेबाने दोन महिन्यांचा पगार कापला आणि नोकरी ठेवली, कारण आता गाडी चांगली चालत होती आणि दुसरा मेकॅनिक मिळणं कठीण होतं. महिपतीला वाटलं होतं त्यापेक्षा हे स्वस्तात सुटलं, आणि स्वस्तात सुटलं याची त्याला फार लाज वाटली.

कमाल रजेवर गेला, दोन महिने घरी राहून आला. मुनाफ सांगायचा, तिकडून आल्यावर तो गाडीत पुन्हा गुणगुणायला लागलाय. महिपतीसमोर मात्र नाही. महिपतीशी तो कामाचं बोलायचा, चहा आणून द्यायचा, आणि 'दादा' म्हणायचा. पण थट्टा नाही, नक्कल नाही. ते परत आलं नाही.

एप्रिलात महिपती मुंबईला उतरला तो घरी न जाता आधी खानापूरकडच्या गाडीत बसला. बरोबर एक पिशवी होती. तिच्यात कमालने दिलेली शाल, आणि 'बा' काढलेली चकती.

सत्यभामा बालवाडीत पोरांना सुकडीचा खाऊ शिजवून घालायचं काम करत होती. दुपारची घरी आली तेव्हा महिपती पायरीवर बसलेला. तिने त्याला ओळखलं. बाजीरावच्या सामानाची पेटी आली तेव्हा तो बरोबर नव्हता, पण पेटीतल्या फोटोत होता.

"आत या भावजी," ती म्हणाली. तिने पाणी दिलं.

त्याने पाणी घेतलं नाही. "आदी आयका," म्हणाला, आणि चकती तिच्यापुढे ठेवली. मग सगळं सांगितलं. गाडी, तेल, चकत्या. तिला यातलं किती कळेल याची त्याला शंका होती, म्हणून तो हाताने चाकं दाखवून सांगत राहिला. एक चाक फिरतंय, दुसरं उभंय. ती मन लावून ऐकत होती. मधेच तिने हात वर केला.

"कळलं मला," ती म्हणाली. "त्या ड्रायव्हरमुळं हे गेले न्हाईत. तुम्ही ह्ये काडलं म्हनून गेले. बरूबर?"

"व्हय."

तिने चकती उचलली. 'बा'वरून बोट फिरवलं. नवऱ्याचं अक्षर तिने ओळखलं असावं, कारण चकती पदराने पुसून तिने मांडीवर ठेवली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. महिपती मान खाली घालून बसला होता. ती आता रडेल, शिव्या देईल, चालते व्हा म्हणेल, किंवा देवाची मर्जी होती म्हणून सोडून देईल. विमानात बसल्यापासून त्याने हे सगळं मनात ऐकून ठेवलं होतं आणि प्रत्येकाला काय म्हणायचं तेही ठरवलं होतं.

तिने विचारलं ते वेगळंच.

"त्या कोकणातल्या पोराला सांगितलंसा का ह्ये?"

"सांगितलं."

"त्याला लेकरं हायती?"

"एक पोरगी."

सत्यभामेने डोळ्यांना पदर लावला. "तुमचं पत्र आलं तवापासनं मी रोज दिवा लावताना त्याचं नाव घेऊन त्वांडात ईल ते बोलले भावजी. रोज. त्याच्या लेकराबाळांस्नी बी बोलले." ती उठली, कोनाड्यातून आपल्या शाळकरी पोराची वही आणि पेन्सिल घेऊन आली आणि महिपतीच्या पुढ्यात ठेवली.

"मला ल्हिता येत न्हाई. मागलं पत्र तुमच्या अक्षरात व्हतं. ह्ये बी तुम्हीच ल्हिवा."

"वैनी, माजं..." महिपती म्हणाला. त्याला स्वतःसाठी काहीतरी मागायचं होतं. माफी नाही, निदान एखादा शब्द.

"तुमचं मग बगू," ती म्हणाली. "आदी त्याचं ल्हिवा."

महिपतीने पेन्सिल हातात घेतली. ती भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले आणि सांगू लागली.

"कमालभाऊस बाजीरावच्या सत्यभामेचा नमस्कार. तुमची पोरगी बरी हाय का, ते आदी कळवा."

महिपतीने लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही, म्हणून त्याने ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं.